अमेरिकेचा ‘शोध’ : इतिहासाचा एक धडा

गेल्या हिंवाळ्यांत आम्हांस एका खेड्यांतील मराठी शाळेच्या सहाव्या इयत्तेंत दोन तास बसण्याचा योग आला. इतिहासाचा तास चालला होता. गुरुजींनीं फळ्यावर १४९२ हा सन लिहिला, त्याखालीं ‘कोलंबसानें अमेरिकेचा शोध लाविला’ हें वाक्य लिहिलें, आणि मुलांनीं तें मुकाट्यानें वह्यांत उतरून घेतलें. इतक्यांत मागच्या रांगेंतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “गुरुजी, कोलंबस उतरला तेव्हां किनाऱ्यावर माणसें उभीं होतीं, असें आपणच आतां सांगितलें. मग शोध कोणीं लाविला?” वर्गांत हंशा पिकला. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पुस्तकांत असें आहे, तसें लिही.”

गुरुजींस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. एका खोलींत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या मनुष्यास प्रत्येक प्रश्नाजवळ थांबतां येत नाहीं. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला व कित्येक दिवस आम्हांस सोडीना. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण शाळामास्तर किंवा उपदेशक आहेत, आणि पुष्कळांच्या घरीं हाच धडा पाठ करणारीं मुलें आहेत. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नास धरून ही हकीकत आम्ही येथें मांडीत आहों.

प्रथम किनाऱ्यावरील माणसांविषयीं सांगूं. आशिया खंडाचें ईशान्येकडील टोंक व अमेरिकेचें वायव्येकडील टोंक यांच्यामध्यें आज समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. हिमयुगांत पुष्कळसें पाणी बर्फ होऊन राहिल्यामुळें समुद्र खालीं गेला होता व तेथें जमीन उघडी पडली होती. त्या बाजूनें आशियांतील शिकारी लोक तिकडे गेले, आणि पिढ्यानपिढ्या सरकत खंडाच्या दक्षिण टोंकापर्यंत पोंचले. ही गोष्ट निदान पंधरा हजार वर्षांपूर्वींची आहे. म्हणजे अब्राहाम ऊर नगरांतून निघाला त्याच्याहि कित्येक सहस्र वर्षें आधींची. यांच्याच वंशजांनीं रानटी गवतापासून मका तयार केला. मेक्सिकोंत त्यांनीं सरोवराच्या मध्यभागीं टेनोच्टिट्लान नांवाचें असें शहर वसविलें होतें कीं, तें प्रथम पाहणारे स्पॅनिश शिपाई आपण स्वप्नांत आहों कीं काय, असें एकमेकांस विचारूं लागले. पेरू देशांत इंका राजांचे रस्ते डोंगर ओलांडून शेंकडों कोस जात. दऱ्यांवर गवताच्या दोरांचे पूल असत. आणि हिशेब दोऱ्यांच्या गांठींत ठेविला जाई.

युरोपांतून तेथें गेलेला पहिला मनुष्यहि कोलंबस नव्हे. ग्रीनलंडकडील नॉर्स लोक त्याच्या पांचशें वर्षें आधीं न्यूफाउंडलंड बेटावर उतरले होते. त्यांच्या घरांचे पाये १९६० सालीं सांपडले, आणि तेथील लांकडाच्या वलयांवरून तें सन १०२१ मध्यें तोडलेलें होतें असें अलीकडे ठरलें आहे. ते फार दिवस टिकले नाहींत.

आतां कोलंबसाकडे वळूं. मिरें, लवंग, जायफळ हे जिन्नस त्या काळीं अरब व व्हेनिसचे व्यापारी यांच्या हातून फिरत फिरत युरोपांत जात व सोन्याच्या भावानें विकले जात. हे जिन्नस जेथें पिकतात तेथें आपणच गलबतें न्यावीं, ही पोर्तुगीज लोकांची खटपट होती. १४८८ सालीं त्यांचा बार्तोलोमेउ दियाश हा आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून आला. जिनोवा शहरच्या कोलंबसाचें म्हणणें असें कीं, एवढा वळसा कशाला? पृथ्वी वाटोळी आहे, तेव्हां पश्चिमेस सरळ गेलें तरी पूर्वेकडील देश लागलेच पाहिजेत.

येथें एक खोटी गोष्ट मुलांच्या मनांतून काढून टाकिली पाहिजे. त्या काळच्या पंडितांस पृथ्वी सपाट वाटत होती व एकट्या कोलंबसास ती वाटोळी आहे हें ठाऊक होतें, असें पुष्कळ पुस्तकांत असतें. ही कथा विशेषेंकरून वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाच्या १८२८ सालच्या कोलंबसचरित्रावरून पसरली. वस्तुतः पृथ्वी वाटोळी आहे हें शिकलेल्या लोकांस ग्रीकांच्या काळापासून ठाऊक होतें. पंडितांचा आक्षेप अंतराविषयीं होता, आणि त्यांचेंच म्हणणें खरें होतें. कॅनरी बेटांपासून जपानपर्यंत सुमारें २,४०० सागरी मैल असतील, असा कोलंबसाचा हिशेब होता. खरें अंतर त्याच्या चौपटीहून अधिक आहे. मध्यें एक अज्ञात खंड आडवें पडलेलें नसतें तर तो व त्याचे सोबती अन्नपाण्यावांचून समुद्रांतच मेले असते. पोर्तुगालच्या राजानें त्यास परत लाविलें. स्पेनची राणी इझाबेला व राजा फर्डिनंड यांनीं अखेरीस मान्यता दिली.

३ ऑगस्ट १४९२ रोजीं तीन गलबतें व सुमारें नव्वद माणसें घेऊन तो पालोस बंदरांतून निघाला. कॅनरी बेटांवर डागडुजी करून ६ सप्टेंबरास त्यानें पश्चिमेची वाट धरिली. १२ ऑक्टोबराच्या मध्यरात्रीनंतर दोन तासांनीं ‘पिंता’ गलबतावरील एका खलाशास जमीन दिसली. जो प्रथम जमीन पाहील त्यास राजाकडून सालोसाल दहा हजार मारावेदी मिळावयाचे होते. परंतु ‘आदल्या रात्रीं मला दिवा दिसला होता’ असें सांगून कोलंबसानें तें बक्षीस स्वतःच घेतलें. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा लहान गोष्टी आम्ही मुद्दाम वाचतों. मनुष्याचें माप त्यांवरूनहि कळतें.

त्या बेटास नांव नव्हतें असें नाहीं. तेथील लोक त्यास ग्वानाहानी म्हणत. कोलंबसानें निशाणें रोविलीं, ‘सान साल्वादोर’ म्हणजे पवित्र तारणारा असें नवें नांव ठेविलें, आणि हें बेट आतां आमच्या राजाराणीचें झालें, अशी नोंद सोबतच्या कारकुनाकडून करविली. हा सर्व विधि बेटवाले भोंवतीं उभे राहून पाहत होते. आपल्या गांवच्या चावडींत परका मनुष्य यावा, न समजणाऱ्या भाषेंत कांहीं वाचावें व कागदावर सही करून म्हणावें कीं आजपासून हें शिवार माझें, तसा हा प्रकार होता. त्यानें त्यांस तांबड्या टोप्या व कांचेचे मणी दिले. त्यांनीं त्यास पोपट, सुताचे गुंडे व भाले आणून दिले. हे लोक गरीब स्वभावाचे आहेत, यांस शस्त्रें ठाऊक नाहींत, हे चांगले चाकर होतील, व पन्नास माणसांच्या बळावर या सर्वांस ताब्यांत ठेवितां येईल, अशा अर्थाचें त्यानें त्याच दिवसांत आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें. हे सहज ख्रिस्ती होतील असेंहि त्यानें तेथेंच लिहिलें. चाकर व ख्रिस्ती हे दोन विचार एका पानावर शेजारीं शेजारीं बसलेले आहेत, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें; पुढील सर्व दुःख त्या शेजारांतून उत्पन्न झालें.

आपण हिंदुस्थानाजवळच्या बेटांवर आलों आहों अशी त्याची समजूत असल्यामुळें त्यानें त्या लोकांस ‘इंडियन’ म्हटलें. आपल्या देशाचें नांव असें चुकून त्यांच्या कपाळीं बसलें व आजवर सर्वस्वीं पुसलें गेलें नाहीं. कोलंबस १५०६ सालीं मेला, तोंपर्यंत आपण आशियांतच जाऊन आलों असेंच तो धरून होता. पुढल्या सालीं, १५०७ मध्यें, वाल्डझेम्युलर नांवाच्या नकाशे करणाऱ्यानें आमेरिगो व्हेस्पुच्ची या दुसऱ्याच दर्यावर्दीच्या नांवावरून त्या खंडास ‘अमेरिका’ म्हटलें.

पहिल्याच सफरींतील नाताळची गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. नाताळच्या आदल्या रात्रीं ‘सांता मारिया’ हें मुख्य गलबत हिस्पानिओला बेटाच्या किनाऱ्याजवळ वाळूंत रुतून फुटलें. (या बेटावर हल्लीं हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत.) तेथील टाइनो लोकांचा नायक ग्वाकानागारी यास हें कळतांच तो रडला, आपल्या होड्या पाठविल्या, आणि त्याच्या माणसांनीं सर्व सामान काढून जपून ठेविलें. त्यांतली एकहि वस्तु गहाळ झाली नाहीं, असें कोलंबसानेंच लिहिलें आहे. परक्यांचें गलबत नाताळच्या रात्रीं बुडालें आणि ज्यांनीं येशूचें नांवहि ऐकिलें नव्हतें त्यांनीं शेजारधर्म पाळिला. चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकवितांना उपदेशकांनीं ही हकीकत जोडून सांगावी असें आम्हांस वाटतें.

शेजाऱ्यांस काय मिळालें? कोलंबस १४९३ सालीं सतरा गलबतें घेऊन परत आला. १४९५ सालीं सुमारें दीड हजार टाइनो स्त्रीपुरुषांस धरण्यांत आलें व त्यांपैकीं पांचशें जणांस विकण्यासाठीं स्पेनास पाठविलें; सुमारें दोनशें वाटेंतच मेले व समुद्रांत टाकिले गेले. सोन्याच्या खाणींकडील चौदा वर्षांवरील प्रत्येकानें दर तीन महिन्यांस ससाण्याच्या पायांतील घुंगूर भरून सोन्याची कणी आणून द्यावी, असा कर बसविला. ज्यानें कर भरला त्याच्या गळ्यांत खूण बांधीत. खूण नसलेल्यास शिक्षा होई. नद्यांत एवढें सोनें नव्हतें. लोक शेतें टाकून डोंगरांत पळाले व उपासमारीनें मेले.

पुढें या जुलमास एक धार्मिक रूप देण्यांत आलें. त्यास ‘एन्कोमिएंडा’ म्हणत, अर्थ ‘सोंपवणूक’. पन्नास किंवा शंभर बेटवाले एका स्पॅनिश गृहस्थाच्या स्वाधीन करावयाचे. त्यांनीं त्याच्या खाणींत व शेतांत राबावयाचें, आणि त्यानें मोबदला म्हणून त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा. आपल्या खेड्यांतून वेठ म्हणजे काय हें वडीलधाऱ्यांस विचारिलें तर कळेल. ही वेठच होती, फक्त तिच्या माथ्यावर क्रूस काढिला होता. शिकवणूक नांवाची, काम मात्र मरेपर्यंतचें. हिस्पानिओलाची मूळ वस्ती कित्येक विद्वान काही लाखांची धरितात. १५१४ सालीं मोजणी झाली तेव्हां सुमारें २६,००० उरले होते.

आतां या अंधारांतील एक रविवार आम्ही थोडा सविस्तर सांगणार आहों.

सन १५११, आगमनकाळाचा चौथा रविवार, डिसेंबरची २१ तारीख. हिस्पानिओलावरील सांतो दोमिंगो गांवीं डॉमिनिकन पंथाचे कांहीं गरीब संन्यासी वर्षभरापूर्वीं येऊन राहिले होते. बेटवाल्यांचे हाल पाहून व ऐकून त्यांनीं ठरविलें कीं, आतां बोललें पाहिजे. सर्वांनीं मिळून उपदेश लिहिला, त्याखालीं प्रत्येकानें आपली सही केली, आणि बोलण्याचें काम आंतोनियो मोंतेसिनोस याजकडे दिलें. गांवचे सर्व प्रतिष्ठित लोक आग्रहानें बोलाविले गेले. सुभेदार दिएगो, म्हणजे कोलंबसाचा मुलगा, पुढें बसला होता. अरण्यांत ओरडणाऱ्याची वाणी याविषयींचें योहानाच्या शुभवर्तमानांतील वचन (१:२३) मोंतेसिनोसानें घेतलें, आणि ती वाणी या बेटाच्या अरण्यांत मीच आहें असें सांगून सरळ विषयास हात घातला. तुम्ही सर्वजण प्राणघातक पापांत आहां, तो म्हणाला. कोणत्या अधिकारानें तुम्ही या लोकांस गुलाम करून ठेविलें? आपल्या देशांत स्वस्थ राहणाऱ्यांवर कोणत्या न्यायानें शस्त्र उचललें? हीं माणसें नव्हेत काय? यांस आत्मा नाहीं काय? आपणांवर करितां तशी यांजवर प्रीति करण्यास तुम्ही बांधलेले नाहीं काय?

उपदेश संपवून तो मान न लववितां खालीं उतरला आणि आपल्या गवतानें शाकारलेल्या घरीं गेला. जेवणास कोबीचें पाणी होतें, त्यांत तेलाचा थेंबहि नव्हता. जेवण आटोपतें न आटोपतें तोंच सुभेदार व इतर मंडळी दारांत आली. या मनुष्यानें राजाविरुद्ध भाषण केलें आहे, त्यानें शब्द मागें घ्यावे, नाहीं तर तुम्ही सर्वांनीं गांठोडीं बांधावीं. वडील संन्यासी पेद्रो दे कोर्दोबा यांनीं उत्तर केलें कीं, तो उपदेश एकट्याचा नव्हे, आम्हां सर्वांचा आहे. पुढील रविवारीं तो पुन्हां बोलेल, एवढें त्यांनीं कबूल केलें. लोक खूष होऊन गेले. त्या रविवारीं, २८ डिसेंबरास, मंदिर भरून गेलें. मोंतेसिनोसानें ईयोबाच्या ३६ व्या अध्यायांतील वचन घेतलें, मागील सर्व मुद्दे पुन्हां एक एक करून सिद्ध केले, आणि वर सांगितलें कीं, जोंवर तुम्ही या लोकांस सोडणार नाहीं तोंवर आम्ही वाटमाऱ्यास देत नाहीं तशी तुम्हांसहि पापांची क्षमा देणार नाहीं.

हे लोक आमच्या पंथाचे नव्हते. पोपच्या आज्ञेंत राहणारे संन्यासी होते. परंतु सत्यास ज्यानें साक्ष दिली त्याची साक्ष आम्ही मान्य करितों. आणि आपल्या मंडळ्यांतील ज्यांच्या आजापणज्यांस गांवच्या विहिरीवर पाणी नाकारलें गेलें, त्यांस ‘हीं माणसें नव्हेत काय?’ या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

त्या उपदेशाचा परिणाम काय झाला? लगेच फारसा नाहीं. राजा रागावला. १५१२ सालीं बुर्गोस शहरीं कायदे झाले, त्यांत कामाचे व विश्रांतीचे नियम घातले गेले, परंतु वेठ कायम राहिली. तथापि त्याच प्रदेशांत बार्तोलोमे दे लास कासास नांवाचा एक पाद्री होता. तो १५०२ सालीं बेटावर आला होता व स्वतः वेठकरी बाळगून होता. एका डॉमिनिकनानें याच कारणास्तव त्यास पापांची क्षमा नाकारिली, तरी त्यानें तें मनावर घेतलें नाहीं. पुढें १५१४ सालीं क्यूबा बेटावर पेंटेकॉस्टच्या उपदेशाची तयारी करीत असतां सिराखाच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्याच्या वाचनांत आला. गरिबांपासून हिरावून घेतलेल्या वस्तूचें अर्पण देवास मान्य नाहीं व कष्टकऱ्याची भाकर काढून घेणें हा खून आहे, असा त्या ठिकाणचा आशय आहे. (हा ग्रंथ आपल्या पवित्र शास्त्रांत नाहीं, अपॉक्रिफांत आहे, परंतु हाच आशय यशया व आमोस यांच्या पुस्तकांतहि आहे.) तो कांहीं दिवस विचारांत पडला, मग आपले सर्व वेठकरी सोडून दिले, आणि १५ ऑगस्टास उभे राहून तें जाहीर केलें. त्यानंतर पन्नास वर्षें त्यानें हा एकच व्यवसाय केला. अनेकदां समुद्र ओलांडून तो राजापुढें गेला. १५४२ सालच्या नव्या कायद्यांनीं बेटवाल्यांस गुलाम करणें बंद झालें त्यांत त्याचा मोठा हात होता. १५५०-५१ मध्यें व्हायादोलिद येथें सेपुल्वेदा या पंडिताशीं त्यानें वाद केला. कांहीं माणसें जन्मतःच दास होत, हें सेपुल्वेदाचें म्हणणें. सर्व मानवजाति एक, हें लास कासासचें.

त्याचा एक अपराध लपवूं नये. बेटवाल्यांस सोडविण्याच्या भरांत त्यानें आरंभीं सुचविलें कीं, त्यांच्या जागीं आफ्रिकेंतील गुलाम आणावे. पुढें तेहि अन्यायानेंच पकडले जातात हें कळल्यावर त्यास फार पश्चात्ताप झाला, व देव या गोष्टीची मला क्षमा करील किंवा नाहीं असें त्यानें स्वतःच लिहिलें. एकाचें जूं काढून दुसऱ्याच्या मानेवर ठेविण्याची चूक भल्या मनुष्याच्याहि हातून होते.

शुभवर्तमान आणि बळजबरी यांची सांगड कोठपर्यंत गेली, हें दोन गोष्टींवरून दिसतें. १५१३ सालापासून स्पॅनिश सरदारांजवळ एक कागद असे. जग देवानें उत्पन्न केलें, त्यानें पेत्रास अधिकार दिला, पेत्राच्या गादीवरील पोपनें ही भूमि आमच्या राजास दिली, तुम्ही मुकाट्यानें मान्य करा, न कराल तर तुमच्या बायकामुलांस गुलाम करूं व होणाऱ्या हानीचा दोष तुमच्याच माथीं राहील, असा त्याचा मजकूर होता. हा कागद लढाईपूर्वीं मोठ्यानें वाचावयाचा. तोहि स्पॅनिश भाषेंत, आणि कित्येकदां ओसाड गांवापुढें किंवा गलबतावर उभे राहून. हें ऐकून हंसावें कीं रडावें तें कळेना, असें लास कासास लिहितो.

दुसरी गोष्ट पेरू देशांतील. १६ नोव्हेंबर १५३२ रोजीं काहामार्का गांवच्या चौकांत १६८ स्पॅनिश शिपाई दबा धरून बसले. इंका राजा अताहुआल्पा भेटीसाठीं हजारों निःशस्त्र सेवकांसह आला. व्हाल्व्हेर्दे नांवाचा संन्यासी दुभाष्यास घेऊन पुढें झाला, धर्माविषयीं चार शब्द बोलला, आणि एक पुस्तक राजाच्या हातीं दिलें. राजानें आयुष्यांत पुस्तक पाहिलें नव्हतें. त्यानें तें उघडून पाहिलें व टाकून दिलें. तेवढ्या निमित्तावर तोफ डागली गेली आणि संध्याकाळपर्यंत हजारों माणसें कापलीं गेलीं. बंदीवान राजानें सुटकेसाठीं एक खोली भरून सोनें दिलें. १५३३ सालीं त्यास जाळून मारण्याची शिक्षा ठरली. बाप्तिस्मा घेशील तर जाळण्याऐवजीं गळा आवळूं, असें सांगण्यांत आलें, व त्यानें बाप्तिस्मा घेतला. जो उपदेशक बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस महिनेच्या महिने शिकवितो, त्यानें येथें क्षणभर पुस्तक मिटून बसावें.

हें सर्व रोमी लोकांचें पाप, असें म्हणून आपण हात झटकूं नये. उत्तर अमेरिकेंत जॉन एलियट या प्रॉटेस्टंट पाळकानें मॅसॅच्युसेट्सच्या मूळ लोकांची भाषा शिकून तींत संपूर्ण बायबल १६६३ सालीं छापिलें. अमेरिकेंत छापिलेलें तेंच पहिलें बायबल. परंतु १६७५ सालीं लढाई सुरू होतांच तेच ख्रिस्ती झालेले लोक इंग्रजांस शत्रु वाटूं लागले. त्यांस घरांतून काढून बॉस्टनजवळच्या एका उघड्या बेटावर ठेविलें, व त्या हिंवाळ्यांत थंडीनें आणि भुकेनें पुष्कळ मेले. छापणारेहि आम्हीच व बेटावर टाकणारेहि आम्हीच होतों.

मृत्यूचें सर्वांत मोठें कारण मात्र तलवार नव्हे, रोग होता, हेंहि सांगितलें पाहिजे; नाहीं तर मूठभर शिपायांनीं एवढीं राज्यें कशीं जिंकिलीं हें मुलांस कळणार नाहीं. आपल्याकडे ज्या रोगास देवी म्हणत, तो व गोंवर हे रोग त्या खंडांत कधींच नव्हते. म्हणून तेथील लोकांच्या शरीरांत त्यांस तोंड देण्याची शक्ति नव्हती. देवी १५१८ च्या अखेरीस हिस्पानिओलांत आली, १५२० सालीं मेक्सिकोंत शिरली, आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजीं कोर्तेसानें टेनोच्टिट्लान घेतलें तेव्हां अर्धें शहर तिनेंच रिकामें केल्यासारखें होतें. वेठीनें व उपासमारीनें खंगलेल्यांस तिनें अधिकच झपाट्यानें नेलें.

आतां समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याकडे येऊं. कारण या धड्याचा एक भाग आपल्या चुलीपाशीं आहे. १४९४ सालच्या तोर्देसियासच्या तहानें स्पेन व पोर्तुगाल यांनीं नव्या भूमि आपसांत वांटून घेतल्या. १५०० सालीं पोर्तुगीज काब्राल हा कालिकतास निघाला असतां पश्चिमेकडे फार सरकून २२ एप्रिलास ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, आणि मग त्याच सफरींत सप्टेंबरमध्यें कालिकतास पोंचला. १५१० सालीं अल्बुकर्कानें गोवें घेतलें. एकाच राजाचीं गलबतें अशीं ब्राझील व गोवें या दोन्ही ठिकाणीं जाऊं लागलीं, आणि त्यांतून तिकडची झाडेंपेडें इकडे आलीं. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ, तंबाखू हीं सर्व अमेरिकेचीं. कोलंबस मिऱ्याच्या शोधांत गेला होता. बेटांवर त्यास मिरची मिळाली, व तीस तो मिरेंच म्हणूं लागला. आमच्याहि पूर्वजांनीं तिचें नांव मिऱ्यावरूनच पाडिलें. आमचे हिंदु शेजारी एकादशीस जे पदार्थ खातात, त्यांतील बटाटा, शेंगदाणा, राजगिरा व ज्या कंदापासून येथें साबुदाणा करितात तो कंद हे सारे त्या खंडांतील आहेत; तो कंद तर टाइनो लोकांची रोजची भाकर होती.

शिकविणारांस एक सूचना. नकाशा नसल्यास अंगणांत राखेनें काढावा. ब्राझीलवर एक लाल मिरची, पेरू देशावर एक बटाटा, मेक्सिकोवर मक्याचें कणीस ठेवावें. अर्धीं मुलें गलबतांत व अर्धीं किनाऱ्यावर उभीं करावीं, आणि दोन्ही बाजूंस एकच प्रश्न विचारावा : तुम्हांस काय दिसतें? मग फळ्यावर ‘शोध लाविला’ याऐवजीं काय लिहावें तें मुलांसच ठरवूं द्यावें. एका उपदेशकानें आमच्या सांगण्यावरून हें करून पाहिलें. मुलांनीं ‘कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेस पोंचला’ असें ठरविलें. परीक्षेस तेवढें पुरेसें आहे. कोलंबसाचें धैर्य मात्र मुलांपासून काढून घेऊं नये. कित्येक दिवस जमीन न दिसतां पुढें जाणें ही लहान गोष्ट नव्हे.

हें सर्व आपणांस कळलें कसें, असेंहि एखादें मूल विचारील. टाइनो लोकांस लिहिण्याची कला नव्हती. कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली. लास कासासनें तिचा जो उतारा हातानें करून ठेविला होता, तोच आज उपलब्ध आहे. मोंतेसिनोसाचा उपदेशहि त्याच्याच मोठ्या इतिहासग्रंथांत राहिला आहे. तो ऐकून कित्येक स्तब्ध झाले, कित्येक अधिक कठोर झाले, थोडे हळहळले, परंतु त्या दिवशीं एकाचेंहि मन फिरलें नाहीं, असें तेथें लिहिलेलें आहे. आणि हें लिहिणारा त्यानंतर तीन वर्षें स्वतः वेठकरी बाळगून होता. १५५९ सालीं त्यानें तो ग्रंथ व्हायादोलिदच्या एका मठाच्या स्वाधीन केला व चाळीस वर्षें कोणासहि दाखवूं नये असें सांगितलें. १५६६ सालीं तो माद्रिद येथें मेला. ग्रंथ छापून निघाला तो १८७५ सालीं. टाइनो लोकांची स्वतःची अशी जी थोडी वाणी उरली आहे, तींत ‘बटाटा’ हा एक शब्द आहे. ते तो रताळ्यास लावीत. पोर्तुगीजांच्या तोंडून तो गोव्यास आला आणि तेथून आपल्या बाजारांत.